जाळ्याच्या टोकाशी उभा असलेला माणूस

नाव माहीत असून मी "ओळखत नाही" म्हटलं. खोटं मी पुष्कळ बोलले असेन. बाजारात मासे विकणारी बाई खोटं न बोलता घरी येत नाही. पण हे खोटं कागदावर चढलं, आणि त्यापायी आमचा तलाव राहतो की जातो अशी वेळ आली. तेवढंच इथे लिहिते. नावं कोणाचीच लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

आमचं गाव चांदा जिल्ह्यातल्या मूल गावापासून दोन कोसांवर. खाली धानाच्या बांध्या, वरच्या अंगाला मोठा तलाव. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा. गावात आम्हा ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची, सात घरं, आणि सातही घरं एकाच माणसाच्या पोरांची, धाकट्या भावाची आणि पुतण्यांची. तो माणूस म्हणजे माझा सासरा. मालगुजाराने त्याला कधीकाळी तोंडी सांगितलं होतं, तलावात जाळं तुझं, मोठा मासा माझ्या घरी पोचवत जा. कागद नव्हता. कोणाला लागलाही नव्हता. मग मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला आणि मालगुजार बिऱ्हाड उचलून नागपूरला गेला. त्याच सुमारास सासराही वारला. जाळं आम्ही टाकत राहिलो, कारण अजून कोणी टाकू नका म्हटलं नव्हतं.

हे पन्नास सालानंतरचं सांगते. मूलमध्ये तेव्हा एक गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना जुने फोटो जमवायचं वेड होतं. मालगुजारांची घरं रिकामी होत होती, त्यातले रद्दीत जाणारे फोटो ते उचलून आणत. जंगलखात्याच्या बंगल्यातले, चांद्याच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतले, असे पेट्या भरून फोटो त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ठेवले होते. मारलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले साहेब, सागाची लाकडं ओढणारे बैल, छोट्या रेल्वेचे रूळ टाकणारे मजूर, सिंदेवाहीचा बाजार. साहेबांची नावं खाली लिहिलेली असत. वाघाची लांबीसुद्धा लिहिलेली असे. हाकारे करणाऱ्या माणसांची नावं नसत. गुरुजींना त्याचाच राग. म्हणून त्यांनी एक जाडी नोंदवही केली होती. फोटोचा नंबर, गाव, फोटोत कोण कोण, आणि शेवटचा रकाना, हे कोणी सांगितलं.

माझी त्यांची ओळख बाजारात झाली. मासे घ्यायला आले की पिशवीतून एखादा फोटो काढून ते आम्हा बायांसमोर धरत, ओळखता का म्हणून. एकदा फोटोच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं मी वाचून दाखवलं.

"वाचता येतं का वो बाई तुले?"

"चौथी पास हाये."

"मंग मासे काऊन विकून राह्यली?"

"चौथी पास झाल्यानं पोट भरत नाई, गुरुजी."

ते हसले नाहीत, विचारात पडले. पुढच्या बाजारी म्हणाले, मासे विकून झाले की खोलीवर येत जा, मला डोळ्यांना दिसत नाही, आणि गावोगावची तोंडं तुला माहीत आहेत. ते खरं होतं. मासे विकणारीला दहा गावांची तोंडं माहीत असतात. कोण उधार मागेल हे तोंडावरूनच ओळखावं लागतं.

खोलीत शिरायच्या आधी ते माझे हात दोनदा धुवायला लावत आणि मग हुंगायला लावत.

"येते का वास?"

"मले माह्या हाताचा वास येत नाई. तुम्ही हुंगा."

फोटो कडेने धरायचा, बोट मध्ये लावायचं नाही, फोटोवर बोलताना थुंकी उडू द्यायची नाही. हे मी लवकर शिकले. मला ते काम आवडलं असं म्हणणार नाही. पण तिथे सावली होती, आणि उलटं-सुलटं बोलणारं कोणी नव्हतं. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणारे चारपाच रिकामे बाप्ये मात्र असत. माझ्या आधी एक कोष्टीण फोटो ओळखायला आली होती. तिचा नवरा फोटोत निघाला. त्या बाप्यांनी तिला दारात अडवली, नाव घे तर जाऊ देऊ. तिला घाम फुटला तरी ती बोलली नाही, आणि पुन्हा तिथे आली नाही.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं घेत नाही, भासऱ्याचं, म्हणजे मोठ्या दिराचंही घेत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. डावा-उजवा हात जसा कळतो, तसं ते कळतं.

एका बाजारी गुरुजी घाईत होते. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे, गडचिरोलीकडच्या गावांत फोटो घेऊन जायचं होतं. भराभर फोटो पुढे येत होते. एक आला तो आमच्या तलावाचा. पाळीवरचं, म्हणजे बांधावरचं, वाकडं मोहाचं झाड मी लगेच ओळखलं. मध्ये खुर्चीवर मालगुजार, पायाशी मासळीचा ढीग आणि मागे जाळं धरून तीन माणसं. पुठ्ठ्यावर गावाचं नाव होतं आणि सालही होतं. माझ्या जन्माच्याही आधीचं.

पहिली दोघं मी सांगितली. एक निपुत्रिक वारला होता. दुसऱ्याचा कबिला बल्लारशाकडे मजुरीला गेला तो गेलाच. तिसरा जाळ्याच्या टोकाशी उभा होता. तरुण होता, मिशी काळी होती, पण जाळ्याची दोरी त्याने पायाच्या अंगठ्यात धरली होती. जाळं विणताना सगळेच धरतात. उभ्याने धरणारा मी एकच पाहिला होता, आणि त्याला मी चार वर्षं भाकरी वाढली होती.

"हा तिसरा?" गुरुजींनी टाक दौतीत बुडवून धरला होता.

माझा सासरा आहे, एवढं तरी सांगता आलं असतं. पण मग ते म्हणाले असते, नाव सांग. मी नाही म्हटलं असतं. बाहेर वर्तमानपत्रं खाली झाली असती. मला उशीर होत होता, टोपलीत दोन मासे उरले होते आणि ते नासत होते.

"ओळखत नाई," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, "अज्ञात". सांगणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, अमक्या गावच्या ढिवराची सून. मी ते वाचलं आणि उठले.

घरी येऊन मी घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं, गुरुजींकडे बुढ्याचा फोटो आहे, तलावावरचा. अज्ञात लिहिलंय हे सांगितलं नाही. ते मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांनी कचेरीचा पट्टेवाला नोटीस घेऊन आला. एका ठेकेदाराने तलाव मागितला होता. त्याचं म्हणणं, ही सात घरं अलीकडे वैनगंगेकडून येऊन बसली, पूर्वी मालगुजार बाहेरची माणसं आणून मासळी काढत असे, यांचा पिढीजात हक्क नाही. साहेब पंधरा दिवसांनी गावात येऊन चौकशी करणार होते. पुरावा असेल तर दाखवा. हक्क ठरला तर सातही घरांची सोसायटी करून तलाव आम्हाला मिळणार होता. नाही ठरला तर आपल्याच दारातल्या पाण्यात जाळं टाकणं चोरी झाली असती.

सातही घरांचे बाप्ये आमच्या अंगणात बसले. कोणाकडे कागद नाही. तेवढ्यात माझे घरचे म्हणाले, "फोटो हाये ना. बाप उभा हाये जाळं धरून. सालही लिव्हलं हाये. गुरुजीच्या वहीत आधीपासून नोंद हाये, आता लिव्हली असं कोनी म्हणू शकत नाई."

सगळ्यांच्या अंगात जीव आला. चुलतसासरे म्हणाले, "सून चौथी शिकली ते कामाले आलं." मी चुलीपाशी होते. माझ्या हातातली पळी तशीच राहिली आणि वरण करपलं.

त्यानंतर मी एका जागी बसले नाही. जाळं दुरुस्त करायला घेतलं तर जाळ्याची घरं लहान-मोठी पडली, सासूने सगळं उसवून पुन्हा विणलं. पाणी आणायला म्हणून मी जाई आणि तलावाच्या दुसऱ्या टोकाला निघे. बाजार नसतानाही मूलला गेले. गुरुजींना म्हणणार होते, ते अज्ञात खोडा. खोलीला कुलूप. वाचनालयाचा माणूस म्हणाला, पुन्हा नदीपलीकडे गेलेत, पेटी आणि वही घेऊन. कधी येतील? येतील तेव्हा येतील. तीन दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा कुलूप. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो माणूस म्हणाला, "काऊन वो बाई, गुरुजीवर काही उधारी हाये का तुयी?" मी खिडकीतून आत पाहिलं, रिकामं टेबल दिसलं आणि जाऊन-येऊन चार कोस पाय तुडवून घरी आले.

एक ठरवलं. साहेबांपुढे नाव घ्यायचं. एका दुपारी तलावाच्या पाळीवर कोणी नाही पाहून मी सासऱ्याचं नाव मोठ्याने घेऊन बघितलं. एक बगळा उडाला. बाकी काही झालं नाही. तरी घरी जाऊन मी दोनदा चूळ भरली.

साहेब यायच्या दिवशी सकाळीच निरोप आला, गुरुजी कालच परतलेत. त्यांना घेऊन यायला आम्ही दोघं छकडा जुंपून निघालो. अर्ध्या वाटेवर मी घरच्यांना सांगितलं.

"त्या वहीत बाच्या नावापाशी अज्ञात लिव्हलं हाये."

"कोनं लिव्हलं?"

"गुरुजीनं. मीच सांगतलं ओळखत नाई म्हणून."

ते बैलांकडे बघत म्हणाले, "दुसरं काही सुचलं नाई तुले?"

"नाई सुचलं."

"मंग आता?"

"नाव घेतो मी साहेबापुढं."

"बाईसमोर?" बाई म्हणजे त्यांची आई, माझी सासू.

"समोर."

त्यांनी बैलाला उगाच एक कोरडा ओढला. मूलला पोचून गुरुजींना छकड्यात बसवलं. येताना गुरुजी पेटी मांडीवर धरून बसले होते, रस्ता दगडाचा म्हणून प्रत्येक हिसक्याला पेटी वर उचलत होते. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता वहीत खाडाखोड केली असती तर ती आणखी वाईट दिसली असती, एवढं मला कळत होतं.

साहेब शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. ठेकेदार स्वतः आला नव्हता, त्याचा मुनीम आला होता. धोतर पांढरं, बोलणं गोड. अर्धं गाव खाली बसलेलं. गुरुजींनी फोटो दिला. साहेबांनी उन्हात धरून पाहिला, साल वाचलं, मान हलवली. घरचे म्हणाले, हा टोकाचा माझा बाप. साहेबांनी वही मागितली. मुनीम न बोलवताच मागून वाकून वाचू लागला.

"साहेब, इथी तं अज्ञात लिव्हलं हाये. अन् सांगणारी कोन? यायचीच सून. सासरा असता तं सुनेनं ओळखला नसता का? बाकी दोघायचं तं इथी कोनीच उरलं नाई. अन् गाववाले तं शेजारी म्हणून यायच्याच बाजूनं बोलतीन."

अंगणातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. चुलतसासऱ्यांचं तोंड मी आजही विसरले नाही.

साहेब म्हणाले, "ही तूच का? ओळखत नाही असं का सांगितलंस?"

"नाव घ्याचं नव्हतं म्हणून. तो माहा सासरा हाये."

"नाव काय?"

मी नाव घेतलं. नीट, साऱ्यांना ऐकू जाईल असं. बायांच्या घोळक्यातून एक आवाज आला, जसा गरम तव्यावर पाणी पडल्यावर येतो. सासू भिंतीशी बसली होती, तिने पदर तोंडावर ओढला.

मुनीम शांत. "आज घेतलं, साहेब. कालपरवा शिकवलं असन. वहीतलं मात्र दोन महिन्याआधीचं हाये." साहेबांनी वही मिटली. त्यांचं म्हणणं मला चेहऱ्यावरून दिसलं, मुनीम बरोबर बोलतोय. मी एवढं मोठं पाप केलं आणि त्याची किंमत कवडी झाली.

साहेब उठणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "त्याची बायको आहे का जिवंत?"

सासूला पुढे आणलं. तिने फोटो हा प्रकार आयुष्यात हातात धरला नव्हता. गुरुजी सवयीने म्हणाले, "कडेनं धरा बाई." तिने दोन्ही हातांनी तो डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ नेला. मग परत दिला.

"कोण आहे हा टोकाचा?" साहेबांनी विचारलं.

"मले का मालूम."

मुनीम हसला. घरच्यांनी डोक्याला हात लावला.

"ओळखत नाही?"

"ओळखत काऊन नाई. चाळीस वर्सं रांधून घातलं. हे अंगठ्यात दोरी धराची खोड तवापासूनच होती, म्या किती डाव बोल्ली, पडसान म्हणून."

"मग नाव सांग."

"नाव नाई सांगत."

"इथे तलावाचा प्रश्न आहे, बाई."

"तलाव ठेवा तुमच्यापाशी. नाव पोरायले इचारा." आणि ती जागेवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

साहेब खाली बघून हसू दाबत होते. त्यांनी पुन्हा वही उघडली आणि गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, या वहीत अज्ञात बरेच आहेत. त्यांच्यापुढे सांगणारं कोण आहे, वाचा बरं."

गुरुजींनी चष्मा लावला. एक पान वाचलं. अज्ञात, सांगणारी अमक्याची सून. दुसरं पान. अज्ञात, सांगणारी त्याच घरची म्हातारी. तिसऱ्या पानावर ते थांबले आणि मागची पानं चाळू लागले. बाप्यांनी सांगितलेल्या पानांवर अज्ञात फारसे नव्हते. ज्या ज्या बाईने शेजारीपाजारी भराभर सांगितले होते, तिने एखादा सोडला होता. गुरुजींनी जन्म याच मुलखात काढला होता, घरी बायको होती, आणि त्यांना हे दिसलं नव्हतं.

"म्हणजे ह्या बाईनं दोन महिन्याआधी दोन परकी माणसं ओळखली अन् तिसरा ओळखला नाही," साहेब मुनिमाला म्हणाले. "परका असता तर नाव घ्यायला तिचं काय जात होतं? आज घरी जा आणि बायकोला तुमचं नाव विचारा. तिने सांगितलं तर मला कळवा."

लोक हसले. मुनीमही थोडा हसला, काय करणार. कागद यायला महिना लागला. तलाव सोसायटीला मिळाला. मुनिमाने काही कळवल्याचं ऐकलं नाही.

माझं मात्र दोन्हीकडून गेलं. नाव घेतल्याचा उपयोग झाला नाही आणि घेतल्याचा दोष राहिला. सासू महिनाभर माझ्या हातचं पाणी घेईना. पुढे घेऊ लागली, पण बायका जमल्या की सुरू होई. "तलाव कोनं राखला? म्या न बोलून राखला. हे चौथी पास, हे बोलली भडाभडा, कोनी मानलं का?" मरेपर्यंत तिने हे सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी कधी उलटून बोलले नाही.

गुरुजींना मात्र चैन पडेना. छकड्यात परत जाताना ते वही चाळत होते आणि हिसक्याला पेटी उचलायचंही विसरले होते.

"म्हणजे हे सगळे अज्ञात...?"

"सगळे नाई. पन बरेच."

"मले काऊन नाई सांगतलं कोनी?"

"तुम्ही नाव इचारलं, गुरुजी. कोन लागते म्हणून इचारलं नाई."

त्या हिवाळ्यात मासे उरकले की मी त्यांच्यासोबत गावं फिरले. पद्धत माझी. ज्या घरचा माणूस फोटोत असेल असं वाटे, त्या घरी विचारायचंच नाही, समोरच्या घरच्या बाईला विचारायचं. बायांना खेळ सापडला. "तू माह्या बुढ्याचं सांग, मी तुह्या बुढ्याचं सांगतो," म्हणत फोटोंवर वाकायच्या, आणि गुरुजी कडेनं धरा, कडेनं धरा करत ओरडायचे. गुरुजींनी वहीतले अज्ञात लाल शाईने खोडून वर नावं घातली. आमच्या फोटोतलं नाव समोरच्या कुणबिणीने सांगितलं. सासूने गुरुजींना मुद्दाम विचारून घेतलं, "इनं तं नाई ना सांगतलं?" शेवटच्या रकान्यात कुणबीण आहे हे त्यांनी तिला बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत होती.

सगळी पानं झाली नाहीत. सिंदेवाहीपर्यंत झालं, चिमूरकडची राहिली, नदीपलीकडची राहिली, आणि गुरुजी वारले. पेट्या कुठे कुठे फिरून चांद्याला गेल्या म्हणतात. वहीही गेली असेल. ती कोणाच्या हाती लागलीच, तर जिथे लाल खूण नाही आणि अज्ञात लिहिलंय, तिथे शेवटचा रकाना वाचावा. बाईने सांगितलेलं असेल, तर तो माणूस बहुतेक तिच्याच घरचा आहे. समोरच्या घरी जाऊन विचारावं, समोरचं घर अजून असेल तर.